मदत हवी आहे : थिनरचा वास आणि मामांचं विसरणं

नमस्कार मंडळी,

माझे मामा फर्निचर पॉलिशचं काम करतात. वय ५४. ठाणे-मुंबईच्या फ्लॅटांत आधी लेकरचं पॉलिश, मग मेलामाइनचं, आता पीयूचं (पॉलियुरेथेन). ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला रुमाल. संध्याकाळी हात धुवायलाही थिनरच.

वर्षभरापासून विसरतात. चावी-चष्म्याचं सोडा, जी शेड नुसत्या नजरेच्या अंदाजाने जुळवायचे, तिच्यात कुठला स्टेनर (रंगद्रव्य) टाकून झालाय हेच मध्येच आठवत नाही. मग डबा पुढ्यात घेऊन बसून राहतात. भयंकर चिडतात. अंधारात तोल जातो. फॅमिली डॉक्टरांनी टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली. मामी दारूवर खापर फोडते, पण मामा घेतात ती सणासुदीला.

थिनरमधलं टोल्युइन चरबीत विरघळतं आणि मेंदूच्या चरबीयुक्त पांढऱ्या भागाला बाधतं, असं वाचलं. डेन्मार्क-स्वीडनमध्ये रंगाऱ्यांच्या अशा तक्रारींवर १९७०च्या दशकापासूनच अभ्यास झालेत म्हणे. दाखवायचं कुणाला? काम सोडलं तर भरून येतं का? मामा म्हणतात, एन-९५ आणून दे, बाकी काही नको.

प्रतिसाद १

एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेला कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तोही वेळच्या वेळी बदलून. पण आत्ता तरी त्यांना स्प्रेपासून लांबच ठेवा.

न्यूरोलॉजिस्टकडे न्या. आधी बी-१२, थायरॉइड, साखर बघतील, ते बरोबरच आहे. एमआरआय स्वच्छ आला तरी विषय संपत नाही. ठळक बदल बहुतेक नशेसाठी मुद्दाम हुंगणाऱ्यांत दिसतात, कामगारांत बऱ्याचदा नाही. स्मरणशक्ती-एकाग्रतेच्या चाचण्या करून मागा. लघवीतलं हिप्युरिक आम्ल (टोल्युइनपासून शरीरात बनतं ते) फक्त हल्लीचा संपर्क सांगतं, जुन्या वर्षांचा हिशेब देत नाही. त्यापेक्षा कोणती कामं, किती वर्षं, खोली बंद की उघडी, हे लिहून न्या. डब्यांच्या लेबलांचे फोटोही. ऐकू नीट येतं का तेही तपासून घ्या, टोल्युइनने कानही जातात.

संपर्क थांबला की त्रास सहसा वाढत नाही, काहींना थोडा उतारही पडतो. पूर्ण भरून येईलच असं नाही. थांबल्यावरही वाढत गेला तर दुसरं कारण शोधायला हवं.

धागाकर्ता

आभार. लेबलची पंचाईत आहे. थिनर सुटं येतं, हार्डवेअरवाला कॅनमधून बाटलीत ओतून देतो. उद्या त्याच्याकडे जाऊन मूळ कॅनचा फोटो काढतो.