वेळासच्या कासवांवर लोकवर्गणीतून माहितीपट: निधी आणि चित्रीकरणाबाबत मार्गदर्शन हवे

खाडीकाठ (प्रश्न):
रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले येथील ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनावर सुमारे ४० मिनिटांचा माहितीपट करण्याचे आम्ही काही स्वयंसेवकांनी ठरवले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केले, त्या काळी कासवांची अंडी माणसेच उकरून नेत असत. आज त्याच गावातील कुटुंबे कासव महोत्सवासाठी, म्हणजे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी, येणाऱ्या पाहुण्यांची घरी सोय करतात. हा बदल घडवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवल्या जाव्यात, अशी आमची मनापासून इच्छा आहे. खर्च स्वयंसेवकांच्या वर्गणीतून आणि लहान देणग्यांतून भागवायचा आहे. सध्या एका सदस्याच्या खात्यात पैसे जमा करावेत असा विचार आहे, तसेच अमेरिकेतील काही मराठी स्नेहीही रक्कम पाठवू इच्छितात. यात काही अडचण येईल का? आणि अंडी घालायला येणाऱ्या मादीचे रात्री चित्रीकरण कसे करावे?

पुळण:
रात्रीच्या मादीचे दृश्य आपण आराखड्यातून काढून टाकावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती अंधारात, शांत किनाऱ्यावर येते आणि विजेरीचा झोत किंवा माणसांची हालचाल जाणवली, तर अंडी न घालताच समुद्रात परतू शकते. पिल्लेही समुद्रावरील उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा पांढरा दिवा त्यांना उलट जमिनीकडे ओढतो. हे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. म्हणून वन विभागाची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय कॅमेरा किनाऱ्यावर नेऊ नये, आणि ड्रोन वापरायचा असल्यास त्याचा उल्लेख अर्जातच करावा.

खरे काम तर उजेडात पाहायला मिळते. कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारा गावकरी, पहाटे पुळणीवरून मादीच्या येण्याजाण्याचे माग शोधत जातो, घरट्याची जागा ओळखतो, साधारण १०० ते १५० अंडी हलक्या हाताने बाहेर काढतो आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून सुरक्षित अशा कुंपणातल्या हॅचरीत, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात ती पुन्हा पुरतो. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यावरील टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहिली जाते आणि पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. एवढ्या सगळ्याला नैसर्गिक प्रकाश पुरतो. त्या माणसाची रोजची पायपीट आपण धीराने, न तोडता दाखवलीत, तर संवर्धन म्हणजे काय हे निवेदनाशिवाय कळेल.

जमाखर्च:
वैयक्तिक खात्यात वर्गणी घेऊ नये. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, की ती त्या सदस्याचे करपात्र उत्पन्न ठरू शकते. त्याऐवजी एखाद्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला सोबत घ्यावे आणि तिच्याकडे या माहितीपटापुरता स्वतंत्र हिशेब ठेवावा. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता संस्थेला असेल तर तसे आवाहनात लिहावे, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही हेही सांगावे.

अमेरिकेतील स्नेह्यांबाबत भारतीय पासपोर्ट हा निर्णायक मुद्दा आहे. भारतीय नागरिकाने परदेशातून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान मानले जात नाहीत. परंतु ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, मग ते मूळचे दापोलीचे का असेनात, विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली येते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे त्या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला आधीच घ्यावा.

संकलक:
आणखी दोन गोष्टी सुचवतो. स्वयंसेवक विनामोबदला काम करत असले, तरी ध्वनिमुद्रणासाठी जाणकार माणूस मानधन देऊन घ्यावा, कारण समुद्राच्या वाऱ्यात नोंदवलेल्या मुलाखती नंतर दुरुस्त करणे फार कठीण असते आणि वृद्धांना तेच पुन्हा बोलायला लावणे योग्यही नाही. चित्रफितींचे हक्क कोणाकडे राहतील, हेही पहिल्या दिवसाआधी लेखी ठरवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

आशयाबाबत माझे मत ‘पुळण’ यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. केवळ किनारा दाखवल्यास पिल्लू पाण्यात गेले म्हणजे काम संपले, असा समज होतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीला तिचा ठावठिकाणा कळवणारा उपग्रह टॅग लावून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेपर्यंत पोहोचली. या वाटेवर मासेमारीची जाळी आहेत, आणि श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर यावेच लागणारे कासव त्यांत अडकून गुदमरते. म्हणून जवळच्या हर्णै बंदरातील मच्छीमारांची बाजूही माहितीपटात असावी, आणि तीही त्यांना आरोपी न ठरवता ऐकलेली.

खाडीकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्रीचे दृश्य आम्ही वगळत आहोत. चिपळूणमधील एका नोंदणीकृत संस्थेशी बोलणी झाल्यावरच वर्गणीचे आवाहन काढू आणि परदेशी नागरिकांना तोपर्यंत थांबण्यास सांगू. हर्णै बंदरातील मुलाखतींसाठी पावसाळी मासेमारी बंदीचा काळ सोयीचा ठरेल असे वाटते, कारण तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात. तेथे ओळख असलेल्या कोणी सोबत येऊ शकत असल्यास कृपया कळवावे.