‘आमच्याकडे सगळेच काळजीखोर’ हे उत्तर मला आता पुरत नाही

उंबरा (धागाकर्ती)

लेक नऊ वर्षांची, चौथीत. जूनपासून रोज सकाळी सातला पोटात दुखायचं. बस निघून गेली की थांबायचं, म्हणून आधी आम्हाला नाटक वाटलं. मग रविवारीही दुखायला लागलं. जंताचं औषध झालं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. शेवटी डिसेंबरात बालरोगतज्ज्ञांनी तिलाच विचारलं, "रात्री पडल्यावर डोक्यात काय काय येतं गं?" तिनं बोटांवर मोजून सांगितलं: बाबांची गाडी घसरली तर, गॅस चालू राहिला तर, पेपरात पेन संपलं तर, बसवाल्या काकांना डुलकी लागली तर, आजोबा गेले तर. मला यातलं काहीच नवीन नव्हतं. रोज संध्याकाळी मी याच प्रश्नांना "काही होत नाही गं" म्हणत होते.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं, जनरलाइझ्ड अँक्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सतत कशाची ना कशाची, आवरता न येणारी काळजी. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळेच काळजीखोर." माहेरी वेगळं काय आहे? माझे वडील नाशिकरोडला गाडीच्या दीड तास आधी जाऊन बसतात आणि त्याआधी गल्लीच्या टोकावरून रेग्युलेटर बघायला दोनदा परत येतात. वर्षानुवर्षं ‘ॲसिडिटी’ची गोळी खातात.

माझं म्हणणं एवढंच, की ‘स्वभाव’ म्हटलं की विषय तिथेच संपतो. असं मूल दंगा करत नाही, गृहपाठ वेळेवर करतं, एक अक्षर चुकलं तर पान फाटेपर्यंत खोडतं. बाई म्हणतात, किती गुणी! त्यामुळे कुणी बघतच नाही. तुम्हाला काय वाटतं? भांडलात तरी चालेल.

जुना_मास्तर

भांडतोच. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येणारी पोरं दर वर्षी असायची. त्यांना घंटा वाजवायचं काम द्यायचो, फळा पुसायला लावायचो, खो-खोत ढकलायचो. बहुतेकांचं आपोआप निवळलं. आता त्याच पोरांना इंग्रजी नाव चिकटवून दवाखान्यात न्यायचं? एकदा नाव चिकटलं की मूलच म्हणायला लागतं, "मला अँक्झायटी आहे, मी स्पर्धेत नाही बोलणार." हे माझ्या नातवाच्या वर्गात कानांनी ऐकलंय. आणि गावात अशी गोष्ट लपत नाही, ती मुलीच्या लग्नापर्यंत पोचते.

दुसरं. ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ लागतो आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला रात्री झोप येत नाही. तोही आजारी का? त्याला पाणी पाहिजे, गोळी नाही.

तर्कट

मास्तरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. हे निदान स्वतंत्रपणे आलं १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत. तेव्हा महिनाभराची चिंता पुरायची. १९८७ च्या सुधारणेत एकदम सहा महिने केले. मुलांसाठी वेगळं नाव होतं, ते १९९४ मध्ये मोडीत काढून मुलांनाही मोठ्यांच्याच खोक्यात घातलं. आताच्या निकषांत लक्षणं सहा आहेत: अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं, झोप बिघडणं. मोठ्यांना यातली तीन लागतात, मुलांना एकच पुरतं. चिडचिड नसलेलं नऊ वर्षांचं मूल दाखवा मला!

हीच चिंता मोजणारी सात प्रश्नांची ती प्रसिद्ध जीएडी-७ प्रश्नावली (जीएडी हे याच निदानाचं लघुरूप) २००६ ची. ती तयार करायला पैसा फायझरचा होता, जी कंपनी तेव्हा चिंतेवरची औषधंही विकायची. प्रश्नावली खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही, समित्यांनी आखली आहे, एवढं तरी लक्षात ठेवून बोलूया.

मेडिकलवाला

तालुक्याच्या गावात दुकान आहे, २० वर्षं काउंटरवर उभा आहे. तुम्ही म्हणता लेबलं वाटली जातायत. माझ्या काउंटरवर उलटं दिसतं.

साठीचे एक काका महिन्यातून दोनदा येतात. गॅसची गोळी, बी-कॉम्प्लेक्स, मानेला लावायची ट्यूब, आणि आवाज खाली आणून, "ती अर्धी झोपेची." ती अर्धी म्हणजे अल्प्राझोलाम. चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चालू चिठ्ठी लागते, रजिस्टरला नोंद करावी लागते. मी नाही म्हटलं की काका रागावतात आणि पुढच्या चौकात जातात. त्या गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग सवय लागते, आणि एकदम बंद केली तर चिंता दुप्पट होऊन परत येते. काकांना ‘तुम्हाला चिंतेचा आजार आहे’ असं आजवर कुणी म्हटलेलंच नाही. पोट, मान, छाती, सगळ्याचे कागद आहेत. मनाचा एकही नाही.

तर्कटसाहेब, रेषा समितीने आखली हे मान्य. शुगरची रेषाही समितीनेच आखली ना?

तर्कट

शुगर रक्तात मोजता येते. काळजी कुठे मोजणार? पण काकांचा मुद्दा बिनतोड आहे. बरं वाटल्यासारखं करणारी गोळी वर्षानुवर्षं खाणं हे निदान करण्यापेक्षा वाईट, मान्य.

रात्रपाळी

वय ४१, सहकारी बँकेत अधिकारी. मास्तरांच्या विहिरीवर बोलतो, कारण मी तिथून आलोय.

माझ्या वडिलांना कर्जाची काळजी होती. पाऊस पडला की त्या रात्री ते घोरायचे. माझ्याकडे कर्ज नाही, पगार वेळेवर, मुलगा ठणठणीत. तरी रात्री तीनला डोळे टक्क उघडे. तिजोरीची दुसरी किल्ली नीट ठेवली का? ऑडिटमध्ये काही निघालं तर? ऑडिट सुरळीत झालं त्या संध्याकाळी मला तासभर हलकं वाटलं आणि जेवताना सुरू झालं: बायकोचा खोकला तीन दिवस का आहे? एक काळजी मिटली की दुसरी रांगेत उभीच. कारण खरं असतं की खोटं, हा प्रश्नच नाही मास्तर. कारण गेल्यावर काळजी जाते का, हे बघायचं. आणि कर्जबाजारी माणसाला हा आजार होतच नाही असंही नाही. त्याला पाणीही लागेल आणि उपचारही.

मानेसाठी एमआरआय केला, छातीसाठी टू-डी इको. शेवटी एका फिजिशियननी थायरॉइड तपासलं (ते वाढलं तरी धडधड आणि घाम येतो), चहा किती विचारलं (दिवसाला नऊ कप, कबूल) आणि पुढे पाठवलं. एसिटालोप्राम, म्हणजे चिंतेवरची रोज घ्यायची गोळी, सुरू झालं. पहिले दहा दिवस जास्तच बेचैन होतो, सोडणार होतो. पाचव्या आठवड्यात घरी येताना शेअर रिक्षात मला झोप लागली. कित्येक वर्षांत चालत्या गाडीत डोळा लागला नव्हता, कारण ड्रायव्हरवर लक्ष मीच ठेवायचो! स्टॉप पुढे गेला, वीस रुपये जादा गेले, आणि मी हसत सुटलो.

सोबत समुपदेशन. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात काळजीची वेळ. दिवसभरात जी येईल तिला "साडेसहाला ये" म्हणून वहीत एक ओळ लिहायची. साडेसहाला वही उघडली की निम्म्या ओळी वाचून लाज वाटते. उरलेल्या निम्म्यांपैकी ज्यांचं काही करता येतं ते करायचं. ऐकायला बालिश वाटतं. मलाही वाटलं होतं.

जुना_मास्तर

रात्रपाळी, तुमचं पटलं. ‘पाऊस पडला की घोरायचे’ हे डोळ्यांसमोर आलं. पण तुम्ही ४१ चे. नऊ वर्षांच्या पोरीला गोळी?

शाळेतली_ताई

शाळेत समुपदेशक आहे, साताऱ्याकडे. गोळीच द्या असं कुणी म्हटलेलं नाही, मास्तर. लहान मुलांत हलक्या-मध्यम त्रासाला सहसा आधी संवादाचे उपचार, म्हणजे सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी). त्रास फार असेल तर औषध जोडतात. २००८ मध्ये अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात या आजाराबरोबर आईबाबांपासून दूर होण्याची चिंता आणि चारचौघांची भीती असलेली मुलंही होती. १२ आठवड्यांनी दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्यांत सुमारे ८१ टक्के सुधारली, नुसत्या सीबीटीने ६०, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५, आणि नकली गोळीने २४.

तुमचं खो-खोत ढकलणं चुकीचं नव्हतं. भीतीला थोडंथोडं सामोरं नेणं हा उपचाराचा गाभाच आहे. फरक इतकाच, की कुणाला किती ढकलायचं हे ठरवून करतात. जी ‘निवळली नाहीत’ ती पोरं पुढच्या वर्षी तुमच्या वर्गात नव्हती, म्हणून आठवत नसतील.

आणि उंबरा, थोडं कडू बोलते. रोज संध्याकाळी "काही होत नाही गं" म्हणणं म्हणजे तिला अर्ध्या तासाचा दिलासा देणं. अर्ध्या तासाने ती परत विचारणारच, कारण उत्तर तुमच्याकडे राहिलं, तिच्याकडे नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईला शाळेच्या ऑफिसमधून त्याचे फोन यायचे, "आई, तू पोचलीस ना?" दिवसाला सहा. आम्ही सहाचे चार केले, चाराचे दोन. पहिला आठवडा भयानक गेला. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी यावर कामच उभं केलंय, त्यात उपचाराला मूल येतच नाही, आईवडील येतात.

तर्कट

आकडे अर्धेच दिलेत. त्याच मुलांपैकी ज्यांचा पुढे चार वर्षं दरवर्षी मागोवा घेतला, त्यांचा अहवाल २०१८ चा: सलग बरी राहिलेली फक्त २२ टक्के. जवळपास निम्म्यांना मधे बरं वाटून पुन्हा उलटलं, ३० टक्क्यांचा त्रास टिकूनच. हेही पालकांना सांगा.

शाळेतली_ताई

सांगते. म्हणूनच ‘आठ सेशनमध्ये मुक्त’ अशा जाहिरातींवर माझा राग आहे. दम्यासारखं बघा. अधूनमधून उसळणार, तेव्हा काय करायचं ते मुलाला माहीत हवं.

मेडिकलवाला

अवांतर: तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर १४४१६, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी बिलाच्या मागे लिहून देतो. किती जण लावतात, देव जाणे.

उंबरा

ताई, ते कडू लागलंच. काल तिनं विचारलं, "बाबा पोचतील ना?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती दोन मिनिटं रडकुंडीला आली, मी ओट्याकडे तोंड करून कोथिंबीर निवडत राहिले, निवडलेलीच पुन्हा निवडली. मग म्हणाली, "पोचतील बहुतेक." ते ‘बहुतेक’ ऐकून मलाच धडधडलं.

वडिलांचा विषय काढला तर ते म्हणाले, "मला काय झालंय? फक्त ॲसिडिटी."

मास्तर, एक विचारायचंय. वर्गशिक्षिकेला सांगू का? सांगितलं तर सांभाळून घेतील. नाही तर तुम्ही म्हणता तसं नाव चिकटेल.

जुना_मास्तर

बाईंना सांगा, मुख्याध्यापकांना नको. आणि आजाराचं नाव सांगू नका. फक्त म्हणा, पान खोडताना दिसली तर पुढचं गणित सोडवायला सांगा.

शाळेतली_ताई

मी असते तर दोघांनाही सांगितलं असतं. लेखी.

जुना_मास्तर

लेखी? अजिबात नको.