पाणी संपलं की बाटलीचं रॉकेट कोलांट्या खातं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. शनिवारी शाळा सुटल्यावर चौदा मुलं थांबतात आणि आम्ही पाणी व हवेच्या दाबावर उडणारं रॉकेट करतो. गावालगतचं दादर (ज्वारी) काढलेलं वावर मालकाने महिनाभर वापरायला दिलंय, त्यामुळे जागा भरपूर आहे. अडलंय ते रॉकेटपाशी.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली उलटी, आत एक तृतीयांश पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि हवा भरायला गेज असलेला पंप. मागे पुठ्ठ्याचे तीन पंख. गेजवर २५-३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसलं की त्याच्या आसपास बूच आपोआप सुटतं. बाटली जोरात उठते, पाणी संपेपर्यंत सरळ जाते आणि मग तिथेच आडवी होऊन गरागरा फिरत खाली येते. तीन शनिवार झाले, अकरा उड्डाणं झाली, एकही सरळ गेलं नाही.

टोकाला वजन द्यावं असं वाचलंय. वर्गात तसं सांगितलं, तर सहावीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, जड करं ते वर कसं जाई?" प्रश्न अगदी रास्त आहे. गुरुत्वमध्य, दाबमध्य हे शब्द फळ्यावर लिहून तिला गप्प बसवायचं नाही. तिला हाताने करून पटेल असं काही सुचवा.

आणखी एक. दोघा मुलांनी फटाक्यांची दारू भरू या म्हणून हट्ट धरला होता. मी साफ नाही म्हटलं आणि त्यांच्या घरीही जाऊन सांगितलं. परदेशात मुलं जी मॉडेल रॉकेटं उडवतात, त्यांत कारखान्यात बनलेली, पुठ्ठ्याच्या नळीतली तयार मोटर असते आणि ती लांब उभं राहून विजेच्या बटणाने पेटवतात. घरी दारू ठासणं हा त्यातला प्रकारच नाही. यावर कृपया पर्याय सुचवू नका, आम्ही पाण्यावरच राहणार.

प्रतिसाद

सर, मी नंदुरबारकडचा. आमच्या सातपुड्यातला भिल्लांचा तीर मुलांना दाखवा. पुढे लोखंडी पातं, मागे पिसं. तीर जरा तिरका झाला की वारा पिसांना ढकलतो आणि शेपूट पुन्हा रांगेत येते. तुमच्या रिकाम्या बाटलीला पुढे जडपणाच नाही, म्हणून वारा तिला कुठूनही फिरवतो. शिवाय पुठ्ठ्याचे पंख पहिल्याच फवाऱ्यात भिजून दुमडत असणार. जुन्या प्लॅस्टिक फाइलचे कापा, चिकटपट्टीने लावा. गरम गोंद नको, त्याने बाटली कमजोर होते.

त्या मुलीसाठी: कापसाची पुडी हातात द्या आणि जोरात फेकायला सांगा. दोन हात अंतरावरच पडेल. मग त्याच पुडीत थोडी सरकी बांधून फेकू द्या, लांब जाईल. फार हलकी वस्तू सुटते वेगात, पण हवा तिला लगेच अडवते. सरकी वाढवत गेलात तर एका टप्प्यानंतर अंतर पुन्हा कमी होतं. तो टप्पा मुलांनाच शोधू द्या.

आणि उडवण्याआधी गोफणीची परीक्षा: पाणी न भरलेलं तयार रॉकेट बोटावर तोलून जिथे समतोल राहील तिथे सहा-सात फूट दोरी बांधायची आणि डोक्याभोवती फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर सरळ जाईल. आडवं झालं किंवा शेपूट पुढे आली, तर टोकाला आणखी वजन किंवा मागे मोठे पंख.

प्रतिसाद

बूच कधी सुटेल ते कळत नाही आणि पंप मारणारं मूल शेजारीच असतं, हे मला जास्त काळजीचं वाटतं. नळी लांब घ्या, पंप पाच-सहा मीटरवर ठेवा. पुढे खटका करून दोरीने सोडायला लागलात, तरी ६० पीएसआयच्या वर जाऊ नका. नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून दाब देऊन तपासा. आत हवा नसली की बाटली फाटली तरी स्फोट होत नाही, पाणी गळतं एवढंच. साध्या पाण्याची पातळ बाटली कधीच वापरू नका, उन्हात पडून राहिलेलीही नको. टोकाला शाडू किंवा मळलेली कणीक, दगड-नटबोल्ट अजिबात नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फाइलचे पंख आणि ६० ग्रॅम शाडू लावला. गोफणीच्या परीक्षेत पहिलं रॉकेट आडवं फिरलं, मुलांनी पंख मोठे केले, मग टोक पुढे राहिलं. काल चारपैकी तीन उड्डाणं सरळ गेली. वीस मीटरवर उभं राहून कोनमापक आणि ओळंब्याने कोन मोजला, ४५ अंशांच्या जरा खाली आला. ४५ आला असता तर उंची वीस मीटर अधिक डोळ्यांपर्यंतची उंची, हे त्या मुलीनेच आकृती काढून सर्वांना समजावलं. सरकीचं कोष्टकही तिच्याच वहीत आहे.

आता टोक जड झाल्यामुळे रॉकेट सुसाट खाली येतं, म्हणून उड्डाणाच्या वेळी मुलांना बांधापलीकडे उभं करतो. कॅरीबॅगची हवाई छत्री (पॅराशूट) टोकावरच्या टोपीत घडी करून ठेवली, पण टोपी हवेत निसटतच नाही. सैल ठेवली तर उडतानाच पडते. कोणी हे जमवलंय का?