घाबरल्यावर तुमच्याकडं काय म्हणतात? अनुभव लिहा

घरात मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत कन्नड, असं आपलं बेळगाव-निपाणीकडचं जगणं. जीव धास्तावला की तोंडात काय येतं आणि ऐकणाऱ्याला ते कळतं का, प्रसंगासकट लिहा. सुरुवात मी करतो. लेकीच्या बाळंतपणात आमच्या हिनं रात्रभर एकच धोशा लावला होता, "पोटात नुसती कालवाकालव व्हायलीय."

खानापूर
दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगाव. पहिल्या तोंडी परीक्षेला घशाला कोरड, तळहाताला घाम. शेजारची कन्नड मुलगी हळूच म्हणाली, "अंजब्याड." भिऊ नको. त्या दिवशी तेवढ्यानं धीर आला. आता ती माझी मैत्रीण आहे. मी 'धाकधूक' म्हणते, ती 'एदी डवडव'.

निपाणी भाग
2019 च्या ऑगस्टात वेदगंगा नदी चढत होती. रात्रभर जीव टांगणीला. आई "हातपाय गळाले बघ" म्हणत होती आणि तेच हात गोठ्यातल्या म्हशींची दावी सोडत होते.

बेळगाव
मी दवाखान्यात नर्स आहे. आपल्याकडचं म्हातारं माणूस "जीव घाबरा होतोय" म्हणतं, तेव्हा ते भ्यालेलं असतंच असं नाही. श्वास पुरत नसतो, छातीवर दडपण असतं, नाहीतर आतून कसंतरी होत असतं. एका आजींनी हेच सांगितलं. डॉक्टर कन्नड, म्हणून नातवानं सांगितलं, "गाबरी आगेति." म्हणजे नुसती घाबरलीय. पण आजींचं कपाळ घामानं डबडबलेलं, त्यात जुना मधुमेह. मी डॉक्टरांना मूळ शब्दांचा अर्थ सांगितला, त्यांनी लगेच ईसीजी काढायला लावला. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना छातीत न दुखताही तो येतो. परीक्षेच्या भीतीनंही धडधडतं, घाम येतो, तो भ्यालं की अंगात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम, आणि कारण सरलं की उतरतो. बसल्या जागी घाम, धाप आणि घाबरं होणं एकदम आलं तर धीर देत बसू नका, दवाखाना गाठा. आणि दुभाषाचं काम करणाऱ्या पोरांनो, 'गाबरी' एवढंच सांगून थांबू नका. कुठं, कधीपासून, श्वास लागतोय का, सगळं सांगा.

चिकोडी
सिस्टर, आमच्या आई कालपासून "घाबरं व्हायलंय" म्हणत्यात. शुगर आहे. जिना चढताना धापही लागतेय.

बेळगाव
आत्ताच न्या. चालवत नको, गाडीनं. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.