मंदीत फर्स्ट क्लासने लांबचा विमानप्रवास: ज्याला परवडतं त्याने करावा का?

निळं आभाळ

करोनाकाळात एअर बबलची, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून सोडलेली, मोजकीच उड्डाणं चालू होती. तेव्हा आमच्या ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याने मुंबईहून अमेरिकेला मुलीकडे जायला फर्स्ट क्लासची तिकिटं काढली. पैसे स्वतःचे, कष्टाचे. परवा एका लग्नात तो विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा तेच ऐकलं: लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि यांना हा थाट सुचत होता! मला हा आक्षेप अजिबात पटत नाही. प्रवासाचा धंदा आडवा होतो तेव्हाच, ज्याला झेपतं त्याने पुढच्या केबिनमध्ये बसावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. लांब पल्ल्याच्या विमानाचा खर्च बराचसा पुढच्या सीटवाले उचलतात. २००८-०९ ची मंदी आठवा. बँकांनी आणि मोठ्या कंपन्यांनी सगळ्यात आधी कात्री लावली ती साहेबांच्या प्रवासाला. ब्रिटिश एअरवेजची मोठी भिस्त लंडन-न्यूयॉर्क करणाऱ्या बँकवाल्यांवर. ते घरी बसले आणि मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ४० कोटी १० लाख पौंडांचा तोटा झाला. जूनमध्ये कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांनी कर्मचाऱ्यांना महिनाभरापर्यंत बिनपगारी काम करण्याचं आवाहन केलं. फक्त महागड्या सीट विकणाऱ्या मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्या तर डिसेंबर २००७ ते मे २००८ एवढ्या अवधीत एकामागून एक बंद पडल्या.

आपल्याकडचं उदाहरण जेट एअरवेजचं. जून २००८ मध्ये त्यांनी मुंबई-शांघाय-सॅन फ्रान्सिस्को सुरू केलं. नवं कोरं बोइंग ७७७, पुढे दार ओढून घेता येईल अशा ८ खोल्या, मागे इकॉनॉमीच्या पावणेतीनशेच्या आसपास सीट. जानेवारी २००९ मध्ये मार्ग बंद! पुढे बसणारे गेले की मागे बसणाऱ्यांचंही विमान जातं. सीट तर उडणारच आहे, मग ती पैसे देऊन भरणाऱ्याला नावं का ठेवायची?

आगरी मीठ

असहमत, आणि तेही पूर्णपणे.

‘सीट उडणारच आहे’ हे एका उड्डाणापुरतं खरं. पुढच्या वर्षी विमानात किती जागा कुणाला द्यायची, हे या वर्षी कोण कुठे बसलं त्यावर ठरतं. त्याच मंदीनंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये, क्वांटासने बहुतेक मार्गांवरून फर्स्ट क्लास काढायचं जाहीर केलं आणि फक्त लंडनला आणि लॉस एंजेलिसला जाणाऱ्या दुमजली ए-३८० विमानांमध्ये ठेवला. लोकांनी घेतला नाही म्हणून गेला. म्हणजे आपण काय विकत घेतो याने फरक पडतो.

आणि जागा म्हणजे इंधन. ब्रिटिश सरकार उत्सर्जन मोजताना लांब पल्ल्याच्या फर्स्ट क्लासच्या प्रवाशाला इकॉनॉमीच्या ४ पट धरतं, बिझनेसवाल्याला साधारण ३ पट. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासात फर्स्ट क्लाससाठी हे प्रमाण ९ पटींपर्यंत गेलं होतं, कारण तिथल्या सीट जास्त रिकाम्या राहतात आणि त्या रिकाम्या जागेचा भारही त्याच वर्गावर टाकावा लागतो. मंदीत त्या आणखी रिकाम्या. म्हणजे तुम्ही ज्या काळाची शिफारस करताय, त्याच काळात दर माणशी हिशेब सगळ्यात वाईट होतो. आमच्या गावात भरतीचं पाणी खाडीवरच्या बांधावरून आत यायला लागलंय. मला हा आकडा कागदावरचा वाटत नाही.

जुना क्रू

मी या धंद्यात केबिन क्रू म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून आतली बाजू सांगतो. दोघांचीही थोडी गल्लत होते आहे.

मंदीत फर्स्ट क्लास स्वस्त होतो हा समज आधी काढून टाका. स्वस्त होतो तो बिझनेस. जोडीदाराचं तिकीट फुकट, आगाऊ घेतलं तर मोठी सूट, हे सगळं तिथे चालतं. फर्स्टचा छापील दर कंपन्या सहसा हलवत नाहीत, कारण एकदा उतरवला की नेहमीचं गिऱ्हाईक पुढच्या वेळी जुना दर देत नाही. त्याऐवजी काय करतात? नेहमीच्या प्रवाशांनी साठवलेल्या पॉइंट्सवर सीट मोकळ्या सोडतात, बिझनेसवाल्यांना थोड्या पैशात वर बसवतात, नाहीतर फर्स्टच नसलेलं विमान त्या मार्गावर लावतात. तेव्हा मंदीत पुढे बसलेले सगळे पूर्ण दराचे नसतात. निळं आभाळ, तुमच्या त्या जोडप्याने रोख पूर्ण दर दिला असेल तर कंपनीला खरंच उपयोग झाला. पॉइंट्सवर गेले असतील तर तितकासा नाही.

आता जेटबद्दल. तो मार्ग नुसता पुढची केबिन रिकामी राहिली म्हणून गेला नाही. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं. एवढ्या लांबच्या मार्गाला ते जीवघेणंच होतं, आणि तेल उतरेपर्यंत प्रवासीच उरले नव्हते. त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने आधी ८०० केबिन क्रूला काढलं, आकडा १९०० पर्यंत जाणार होता. नुकती लागलेली पोरं होती ती, कुणाच्या घरी पहिलाच पगार. ती गणवेशातच मुंबईत रस्त्यावर उतरली, राज ठाकरे यांना जाऊन भेटली, विमानं उडू देणार नाही असा इशारा गेला आणि दोन-तीन दिवसांत जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. त्यांची नोकरी फर्स्ट क्लासच्या तिकिटांनी वाचवली नाही, रस्त्यावर उतरल्याने वाचली. आणि ती ७७७ विमानं? त्यातली काही भाड्याने तुर्कीच्या कंपनीकडे गेली, त्या ८ खोल्यांसकट.

निळं आभाळ

@जुना क्रू, माहितीबद्दल मनापासून धन्यवाद. जोडप्याने पूर्ण पैसे भरले होते. तेलाचा मुद्दा मान्य, पण तेल महाग असतानाच पुढच्या तिकिटाची गरज जास्त असते ना?

@आगरी मीठ, क्वांटासचंच घ्या. फर्स्ट काढून त्या जागी जास्त सीट बसवल्या तरी विमान जवळपास तेवढंच इंधन जाळतं. जास्त माणसं गेली एवढंच. हवेत जाणारा धूर कमी कुठे झाला?

आगरी मीठ

झाला. तेवढीच माणसं न्यायला कमी उड्डाणं लागली तर झाला. आणि समजा नाही झाला, तरी एका जागेत एकाऐवजी चौघं गेले. त्यातला एखादा पहिल्यांदाच परदेशी शिकायला जाणारा असेल. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

रजा शिल्लक

मी निवृत्त सरकारी नोकर. पैसा कुणाचा, हा प्रश्न इथे अजून कुणी काढला नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये प्रणव मुखर्जी अर्थमंत्री होते. दुष्काळ आणि जागतिक मंदी एकदम आली म्हणून सरकारने काटकसरीचा हुकूम काढला. मंत्र्यांनीही इकॉनॉमीने जावं, असा आग्रह झाला. सोनिया गांधी दिल्लीहून मुंबईला इकॉनॉमीत बसून आल्या, राहुल गांधी शताब्दी एक्स्प्रेसने लुधियानाला गेले. अनेकांनी त्याला देखावा म्हटलं. मी नाही म्हणत. कार्यालयात आम्हाला पंख्याच्या दुरुस्तीचे पैसे मिळत नव्हते, तेव्हा वरचा माणूस मागच्या रांगेत बसला याने खालच्या माणसाला बळ येतं. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने अधिकाऱ्यांचा फर्स्ट क्लासचा विमानप्रवासच बंद केला. उत्तम केलं.

पण हा नियम सार्वजनिक पैशाचा आहे. तो स्वतःच्या निवृत्तिवेतनातून तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्यांना लावणं हा अन्याय आहे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून ये-जा केली असेल. सरकार त्यांच्याकडून करही जास्त घेतं: इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी, त्यावरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. ब्रिटनहून निघालात तर तिथेही पुढच्या केबिनचा प्रवासकर वेगळा आणि चढा.

माहेर सांगली

रजा शिल्लक काका, अगदी माझ्या मनातलं बोललात. मी न्यू जर्सीत राहते. मार्च २०२० मध्ये आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद झाली ती मार्च २०२२ पर्यंत. ती दोन वर्षं ज्यांचे आईवडील तिकडे आणि मुलं इकडे होती त्यांनाच विचारा. अडकलेल्यांना आणणाऱ्या सरकारी वंदे भारत विमानांच्या पहिल्या फेऱ्यांत अमेरिकेहून भारताचं साधं तिकीट लाखाच्या घरात होतं, आणि तेही यादीत नाव लागलं तर.

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले, मधुमेह. मुंबईहून इथे थेट यायचं तर पंधरा-सोळा तास. इकॉनॉमीत शेजारी अनोळखी माणूस, पाय लांब करता येत नाहीत, बाथरूमला रांग आणि तेव्हा तर सतत मास्क. आम्ही त्यांना पुढे बसवून आणलं. त्या उतरल्या तेव्हा पाय सुजलेले नव्हते आणि त्या स्वतः चालत बाहेर आल्या. याला कुणी थाट म्हणालं तर मला राग येतो. आजारी, वयस्क माणसाला आडवं पडता येणं ही चैन नाही.

आगरी मीठ

ताई, सासूबाईंना आणलंत ते योग्यच केलंत, त्याबद्दल माझ्या मनात काहीच किंतु नाही. पण आडवं पडायला फर्स्ट लागतो का? हाच माझा कळीचा मुद्दा आहे. सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजने नव्वदच्या दशकात फर्स्टमध्ये आणला आणि २००० च्या सुमारास बिझनेसमध्येही दिला. तिथूनच फर्स्टचं खरं कारण संपलं. आता कित्येक कंपन्यांच्या बिझनेसमध्ये दार असलेली सीट मिळते. कतार एअरवेजने ए-३८० सोडून इतरत्र फर्स्ट ठेवलेलाच नाही.

मग वरचे पैसे कशाचे? एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये फर्स्टच्या १४ प्रवाशांसाठी आंघोळीच्या दोन खोल्या आहेत. त्यासाठी पाणी लादून हजारो मैल उडवायचं. लोक विमानांअभावी अडकून पडले होते, नातेवाइकांच्या अंत्यविधीला पोचत नव्हते, अशा काळात याचं समर्थन मी करू शकत नाही. गुडघ्यासाठी पलंग, हो. शॉवरसाठी पाणी, नाही.

हिशेबनीस

तुम्ही सगळे योग्य-अयोग्य बोलताय. मला पैशाची काळजी वाटते, कारण मंदीत महाग तिकीट काढणाऱ्याचे पैसेच जास्त अडकतात.

विमान कंपनी बुडते तेव्हा आगाऊ पैसे भरलेला प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत जवळपास शेवटी असतो. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा पुढच्या महिन्यांची तिकिटं हातात घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत. ट्रॅव्हल एजंटला रोख दिलेले पैसे परत मिळवताना तोंडाला फेस आला. क्रेडिट कार्डवर घेतलेल्यांनी बँकेकडे तक्रार लावून त्यातले काही सोडवले. इकॉनॉमीचं तिकीट बुडालं तर सहल जाते, फर्स्टचं बुडालं तर निवृत्त माणसाची वर्षभराची पुंजी जाते.

पॉइंट्सचं उलटं आहे. ते साठवून ठेवू नका. पॉइंट म्हणजे कंपनीने तुम्हाला दिलेलं वचन, आणि त्याचा दर तीच ठरवते. २०२० मध्ये अमेरिकेच्या युनायटेडने आपली माइल्सची, म्हणजे पॉइंट्सचीच, योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने तिच्या योजनेवर ९ अब्ज. कंपन्यांना या योजना विमानांपेक्षा मोलाच्या वाटल्या. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा तिच्या पॉइंट्सवाल्यांच्या हाती काही राहिलं नाही. म्हणून मंदीत फर्स्टने जायचंच असेल तर पॉइंट्सवर जा. जुना क्रू म्हणतात तशा सीटही तेव्हाच मोकळ्या सुटतात.

निळं आभाळ

@हिशेबनीस, प्रवाशाच्या बाजूने तुमचा सल्ला बरोबर आहे, पण माझ्या मुद्द्याच्या तो नेमका विरुद्ध जातो. सगळेच पॉइंट्सवर गेले तर कंपनीच्या गल्ल्यात काय पडणार?

@आगरी मीठ, शॉवरचा मुद्दा माझ्याही पचनी पडत नाही. तुमचं ते म्हणणं मी मान्य करतो. तरी एक गोष्ट बघा. ब्रिटिश एअरवेजने सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन मंदीत, लंडन शहरातल्या छोट्या विमानतळावरून न्यूयॉर्कला फक्त ३२ बिझनेस सीटचं विमान सुरू केलं. पैसे देणारे होते म्हणून ते दहा वर्षांहून जास्त चाललं. मार्च २०२० मध्ये थांबलं आणि मग कायमचं गेलं. त्या विमानावर वैमानिक होते, क्रू होता, अन्न शिजवणारे होते. उद्या पुन्हा तशी वेळ आली आणि माझ्याकडे पैसे असले, तर मी तिकीट काढणार आणि नातेवाइकांपासून लपवणार नाही.

जुना क्रू

काढा, अवश्य काढा. पण तुमच्या तिकिटाने आमच्यातलं कोण वाचतं ते सांगतो. करोनात सगळ्यात आधी घरी गेले ते कंत्राटी लोक: सामान चढवणारे, केबिन झाडणारे, जेवणाच्या ट्रॉल्या भरणारे. फर्स्टचं जेवण बंद डब्यांवर आलं तेव्हा त्या ट्रॉल्या लावणाऱ्यांची पाळीच रद्द झाली, पुढे कुणी पूर्ण दर भरून बसलेलं असो वा नसो. त्यांना काम मिळतं ते विमान किती वेळा उडतं त्यावर, आणि विमान वारंवार उडायला मागच्या तीनशे सीट भराव्या लागतात. पुढच्या चार सीटच्या जोरावर एखादं उड्डाण टिकेल, पण रोजचं वेळापत्रक टिकत नाही.

माहेर सांगली

जुना क्रू, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाई डिसेंबरात परत जाणार आहेत. आगरी मीठ म्हणतात तसं या वेळी बिझनेस बघते. हिशेबनीस, क्रेडिट कार्डवर घेतलेलं तिकीट कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं, की एजंटकडून घेतलं तरी बँकेची तक्रार लागू होते?

हिशेबनीस

थेट कंपनीकडून घ्या. मध्ये एजंट असला की बँकेच्या नोंदीत पैसे एजंटला गेलेले दिसतात आणि मग तो कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी त्याच्याकडे. तिकिटाची मूळ पावती आणि कंपनीचे सगळे ईमेल जपून ठेवा. उड्डाण रद्द झालं तर व्हाउचर घ्यायला लगेच हो म्हणू नका, आधी पैसे परत मागा. आणि तक्रारीची मुदत बँकेला आजच विचारून ठेवा.