मदत हवी आहे: 22 सेंटचा हिरा बदलून मोठा घ्यायचाय, 40 घेऊ की 50?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं इथे नुसती वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे एका खड्याची अंगठी आहे. सोनं 22 कॅरेटचं, हिरा 22 सेंटचा. 2012 साली लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्याने घेतली. तेव्हा सेंट म्हणजे काय हेही आम्हाला माहीत नव्हतं. हिऱ्यात कॅरेट म्हणजे वजन, सोन्यासारखी शुद्धता नव्हे; 100 सेंटचा एक कॅरेट आणि कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. पावती आणि सर्टिफिकेट 2019 च्या महापुरात गेलं. सांगलीत गावभागात तळमजल्यावर राहत होतो, कागद कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. त्यांचा लगदा झाला. अंगठी बोटात होती म्हणून वाचली.

आता भिशी लागलीय, 45 हजार. खरं तर फ्रिज घ्यायचा होता. फ्रिज अजून दोन उन्हाळे काढेल असं मी घरात जाहीर करून टाकलंय, त्यामुळे आता माघार नाही. सोनं तेच ठेवायचं, फक्त वरचा खडा मोठा करायचा. नवीन अंगठी करायची म्हटलं तर सध्याच्या भावात सगळी भिशी सोन्यातच जिरेल.

परवा सराफ कट्ट्यावर जाऊन आले. एका दुकानात दोन खडे दाखवले. दोन्ही गोल, दोन्ही खाणीतले, दोन्हींना लॅबचा कागद आहे. आकडे उतरवून आणलेत, जसेच्या तसे देते (रंगाची अक्षरं डी पासून, पुढे जावं तसा पिवळेपणा वाढतो; क्लॅरिटी म्हणजे आतले डाग, व्हीएस हा एसआयपेक्षा स्वच्छ; डेप्थ म्हणजे व्यासाच्या मानाने खोली):

पहिला 50 सेंट, रंग जे, क्लॅरिटी एसआय टू, कट गुड, माप 4.92 ते 4.96 गुणिले 3.24 मिमी, डेप्थ 65.6 टक्के. किंमत 47 हजार.

दुसरा 40 सेंट, रंग एच, क्लॅरिटी व्हीएस टू, कट एक्सलंट, माप 4.72 ते 4.75 गुणिले 2.93 मिमी, डेप्थ 61.9 टक्के. किंमत 49 हजार.

जुन्या खड्याचे कागद नसल्यामुळे 8 हजार धरतो म्हणाले. दुकानदाराचा सगळा जोर पन्नासवर. "वहिनी, हाफ कॅरेट म्हणजे हाफ कॅरेट. चारचौघींत सांगायला बरं." काळ्या मखमलीवर, वरून ते लाईट सोडलेले, चिमट्यात धरून खडा सारखा इकडेतिकडे फिरवत होते. मला दोन्ही सारखेच चमकताना दिसले. खरं सांगायचं तर दुकानातला काचेचा ॲशट्रेही चमकत होता.

भिंगातून पाहिलं तर पन्नासवाल्यात मधोमध एक काळा ठिपका आहे, वहीवर पेनाचं टोक टेकवल्यासारखा. नुसत्या डोळ्यांनी मला एकदा दिसला, एकदा नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काकपद असेल तर तो हिरा घरात आणायचा नाही." आता हे काकपद काय?

तर प्रश्न असे: मोठा घ्यावा की चांगला? आणि माझ्यासारख्या अडाण्याने दुकानात उभं राहून चांगलं म्हणजे काय ते ओळखायचं कसं?

कृष्णाकाठ:

ताई, तुम्ही आकडे उतरवून आणलेत हे फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे.

मापं शेजारी शेजारी लिहा. पन्नासचा व्यास साधारण 4.94 आणि चाळीसचा 4.73. फरक 0.2 मिलिमीटर. बोटावर हा फरक कुणालाही दिसणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. नीट कापलेला 50 सेंटचा गोल हिरा 5.1 मिमीच्या आसपास भरतो. मग तुमच्या पन्नासमधलं उरलेलं वजन गेलं कुठे? खाली पोटात. डेप्थ 65.6 म्हणजे खडा खोल ठेवलाय. गोल हिऱ्याला 59 ते 62.5 च्या दरम्यान चांगली समजतात.

असं करतात कारण हिऱ्याचा दर कॅरेटवर असतो आणि 30, 50, 70 सेंट, एक कॅरेट अशा टप्प्यांवर तो दर उडी मारतो. कापणारा 46 चा सुंदर हिरा काढू शकत होता, पण पन्नासचा आकडा सुटू नये म्हणून त्याने पोट तसंच ठेवलं. ते पोट अंगठीत कोंदणाखाली जाणार आणि पैसे मात्र तुम्ही त्याचेही देणार. शिवाय खोल खड्यात वरून शिरलेला उजेड परत वर न येता खालून, बाजूने निसटतो. मग तो मधोमध काळपट दिसतो.

चमक कटमधून येते. बजेट कमी असेल तर बाकी सगळ्यात तडजोड करा, कटमध्ये नको.

अवांतर: सासूबाईंचं काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखा दिसणारा डाग. जुन्या रत्नपरीक्षेत बिंदू, रेखा, काकपद असे दोष सांगितलेत. आजची लॅब त्यालाच क्लॅरिटी म्हणते. सासूबाई बरोबर आहेत, फक्त शिव्या जुन्या आहेत.

नाईलाजाने_पुणेकर:

लॅबमध्ये बनवलेला का नाही घेत? 45 हजारांत एक कॅरेटचा चांगला मिळेल आणि वर पैसे उरतील. तोही हिराच असतो, कार्बनच. अमेरिकन डायमंड नव्हे. दुकानातला टेस्टरही त्याला हिराच म्हणेल.

धागाकर्ती:

हे डोक्यात आलं होतं. नंतर विकायला गेलं तर काही येत नाही म्हणतात. पण खरं कारण ते नाहीच, विकणार कोण आहे! आधीचा खाणीतला होता म्हणून हाही तसाच हवा, एवढंच. यावर वाद घालता येणार नाही हे मला मान्य आहे.

नाईलाजाने_पुणेकर:

मान्य. मग एक लक्षात ठेवा. त्या पेनासारख्या टेस्टरवर विसंबू नका. तो उष्णता किती पटकन वाहते ते बघतो, त्यामुळे लॅबच्या हिऱ्यालाही हो म्हणतो आणि साधा असेल तर मॉइसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालाही. कागदावरचा नंबर लॅबच्या साइटवर टाकून बघा आणि तोच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो का ते विचारा. असेल तर भिंगातून वाचून दाखवायला सांगा. वाचता येत नाही म्हणाले तर तुम्ही वाचा.

माईचा_मळा:

बाकीचं शहाण्यांनी सांगितलंच. मी फक्त एक विचारते, हातातली अंगठी शेवटची कधी धुतलीस? हिऱ्याला तेलतूप चिकटतं गं, फार. खाणीतसुद्धा चरबी लावलेल्या टेबलावरून खडी वाहवून हिरे वेगळे काढायची पद्धत होती, इतका तो तुपाचा लोभी. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाल, अंगठी अर्धा तास ठेव आणि जुन्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घास. बेसिनची जाळी आधी बंद कर. मग जुन्याला नावं ठेव.

धागाकर्ती:

माई, तुम्हाला कोपरापासून नमस्कार. मागून जे निघालं ते सांगवत नाही. कणीक होती, आणि बहुतेक पुरणपोळीच्या काळातली. खडा असा लखलखला की नवरा म्हणाला, "मग नवीन कशाला? फ्रिज बघू या." तुम्ही माझं नुकसान केलंत.

गलाईवाला:

आमचं घराणं विट्याकडचं, गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं. चुलते मदुराईला, भाऊ आणखी लांब. सोनं हातात घेतलं की कळतं, हिऱ्यात मात्र आम्हीबी गिऱ्हाईकच. म्हणून सोन्याचंच सांगतो.

खडा काढायच्या आधी अंगठीचं वजन तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या. खडा सुटा झाला की त्याचं वेगळं वजन, सेंटमध्ये. नवीन घर, म्हणजे खड्याचं कोंदण, बसवल्यावर पुन्हा अंगठीचं वजन. 22 कॅरेट मऊ असतंय, मोठा खडा पकडणारे काटे त्यात करू नका, वाकतील. वरचं घर 18 कॅरेटचं करून घ्या आणि खाली जुन्या कडीला डाक द्या. काटे चार ऐवजी सहा घेतले तर एक निसटला तरी खडा जात नाही. आणि खडा काढायला आत नेतो म्हणाले तर म्हणावं, चला, मीबी येते.

कृष्णाकाठ:

गलाईवाल्यांशी शंभर टक्के सहमत. त्यातून अजून एक निघतं. तुमचं सोनं पिवळं आहे. पिवळ्या सोन्यात एचचे पैसे का द्यायचे? आय, अगदी जेसुद्धा, बसवल्यावर पांढराच वाटतो. पांढऱ्या सोन्यात असता तर गोष्ट वेगळी. व्हीएस टूचीही गरज नाही. एसआय वन चालेल, पण डाग मधोमध नको, काळा नको, कडेला असावा. कडेला असला तरी तडा असेल तर नको. हिरा कठीण असला तरी ठोकला तर फुटतो, आणि काटा दाबताना नेमका तिथेच ताण येतो. कागदावर डागांचा नकाशा असेल तर त्यात ठिपका आहे की तडा हे लिहिलेलं असतं.

आणि 40 चाच हट्ट का? 38 मागा. टप्प्यांच्या मधली वजनं फार कुणी मागत नाही.

बघायचं कसं: दुकानातले लाईट सोडून दारात या, सावलीत. ऊन नको, उन्हात सगळेच नाचतात. रंग बघायचा तर खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा आणि बाजूने बघा. "नो बीजीएम" असं लेखी मागा, म्हणजे तपकिरी, हिरवट, दुधाळ झाक नाही. ही झाक रंगाच्या ग्रेडमध्ये नेहमी कळत नाही आणि स्वस्त खड्यांत हीच निघते. गल्ल्यावर नोटा तपासायचं मशीन असेल तर त्या जांभळ्या उजेडात खडा धरा. निळा पेटला म्हणजे फ्लुरोसन्स आहे. त्याला घाबरू नका, अशा खड्याला थोडी सूट मिळते. फक्त तो सावलीत धुरकट दिसत नाही ना, एवढं बघा.

धागाकर्ती:

शनिवारी सकाळी गेलो. अपडेट देते.

दुकानदार आधी खडा दाराबाहेर न्यायला तयारच नव्हते. मग स्वतःच चिमट्यात धरून पायरीपर्यंत आले. मी माझी धुतलेली अंगठी शेजारी धरली. सावलीत पन्नासवाला खरंच मधोमध काळा पडला, विहिरीत डोकावल्यासारखा. कडेने चमक, आत अंधार. चाळीसवाला तसाच हसरा. माझा 22 वाला त्या पन्नासपेक्षा जिवंत दिसत होता, हे दुकानदारानेही मान्य केलं. म्हणजे "हं" म्हणाले.

मग मी पाठ केलेलं म्हटलं: 38, रंग आय, एसआय वन, ट्रिपल एक्स (कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट), नो बीजीएम. ते माझ्याकडे बघत राहिले. मुंबईहून चार दिवसांत तीन खडे मागवून दाखवले. एक दुधाळ निघाला, पायरीवर लगेच कळला. दुसऱ्याच्या कडेला तडा होता. तिसरा घेतला: 38 सेंट, 4.66 मिमी, 39 हजार. मशीनखाली हलका निळा पेटतो, सावलीत स्वच्छ. कागदाचा नंबर साइटवर जुळला आणि कडेवरचा मी स्वतः वाचला, दोन आकडे चुकून. 18 कॅरेटचं घर, सहा काटे, घडणावळ, 3 टक्के जीएसटी, सगळं मिळून 44,700.

जुना 8 हजारांना दिला नाही. त्याची चमकी करणार आहे, पुढच्या भिशीत. 3.9 मिमीची चमकी नाकाला मोठी दिसेल का हो?

माईचा_मळा:

दिसू दे की. आमच्या आजीची याहून मोठी होती आणि नाक तुझ्याहून लहान.

गलाईवाला:

वजन केलं का आधी-नंतर?

धागाकर्ती:

केलं, लिहूनही घेतलं. आणि आतही गेले, कारागिराच्या शेजारी स्टूल टाकून बसले. त्याने खड्यातला तो एक ठिपका बरोबर एका काट्याखाली घेतला. ठिपकाच आहे, तडा नाही, नकाशात बघून घेतलं होतं. काल सासूबाईंनी सुईत दोरा ओवायचं भिंग घेऊन दहा मिनिटं काकपद शोधलं, मिळालं नाही. त्या हे वाचत नाहीत, तेव्हा काट्याचं कुणी बोलू नका.