पाट्यांच्या धंद्याला कोरल की इलस्ट्रेटर?

मिरजेचा पाटीवाला
कोरल आणि इलस्ट्रेटर ही पाटी, लोगो आखायची दोन सॉफ्टवेअर. काल पिक्सेलराव यांनी एका नव्या मुलाला सल्ला दिला, "पाट्यांचं दुकान टाकतोयस तर कोरल शिकू नकोस, ते मेलंय. इलस्ट्रेटर घे." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

मी २००३ पासून बोर्ड करतो. आधी ब्रश, मग विनाइल (चिकटपट्टी), आता एसीपी (ॲल्युमिनियमचे पत्रे) आणि ॲक्रिलिक. आमच्याकडे फ्लेक्सवाला, प्लॉटरवाला (विनाइल पात्याने कापणारा), लेझरवाला, सगळे फाइल सीडीआरमध्येच, म्हणजे कोरलच्या फाइलीतच मागतात. गिऱ्हाईक जुना बोर्ड बदलायला येतं तेव्हा पेनड्राइव्हवर सीडीआरच घेऊन येतं. ४० बाय १० फुटांचं होर्डिंग मी खऱ्या मापात मांडतो, कोरलचं पान १५० फुटांपर्यंत जातं. इलस्ट्रेटरचं पान एकोणीस फुटांच्या आतच संपतं. मग दहास एक प्रमाण धरायचं आणि प्रिंटवाल्याला फोन करून सांगत बसायचं. तो एकदा विसरला की फ्लेक्स गेला आणि पैसेही गेले.

पिक्सेलराव
एकोणीस फुटांची गोष्ट जुनी झाली. २०२० पासून मोठा कॅनव्हास आहे, दहापट. माहिती अद्ययावत करा आणि मग डोकं फिरवा.

माझं म्हणणं साधं आहे. सराफाच्या साखळी दुकानांचं किंवा बँकेच्या शाखांचं काम हवं असेल तर त्यांच्या एजन्सीकडून एआय (इलस्ट्रेटरची फाइल) नाहीतर पीडीएफ येते, पॅन्टोन या रंगांच्या ठरलेल्या क्रमांकासकट. ती फाइल कोरलमध्ये उघडून ग्रेडियंट आणि पारदर्शकता बिघडवून बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. मला पहिलं मोठं काम मिळालं ते दुसऱ्या एकाने लोगोचा रंग चुकवला म्हणूनच. आणि तुमच्या गल्लीतल्या किती जणांचं कोरल विकत घेतलेलं आहे, तेही एकदा सांगा.

मिरजेचा पाटीवाला
माझं विकतचं आहे, पावती आहे. दुसऱ्यांचं मला विचारू नका. इथे महिन्याला दोन बँका येत नाहीत हो, रोज चार किराणा आणि एक सलून येतं.

सीएनसी नाशिक
दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडताय. कापायच्या मशीनला डीएक्सएफ किंवा पीएलटी फाइल लागते, ती कशातून आली हे त्याला कळत नाही. खरा घोळ शिरोरेषेचा आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. पडद्यावर अखंड दिसते. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून, तसंच प्लॉटरला दिलं की पातं प्रत्येक सांध्यावर रेघ चिरून जातं. "श्री समर्थ" तीन फुटांत कापलं, सोलायला घेतलं तर शिरोरेषेचे तुकडे हातात आले. आधी वेल्ड करायला, म्हणजे सगळे आकार एकात जोडायला हवे होते, माझीच चूक. कोरलमध्ये वेल्ड आहे, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये युनियन. हे न शिकवता सॉफ्टवेअर कुठलं विचारणं म्हणजे रंधा न मारता पॉलिश विचारणं.

अक्षरवेडी
सॉफ्टवेअर राहू द्या, तुमच्या सगळ्यांच्या पाट्यांवर "वर्हाडी थाळी" का असते ते सांगा! ह वर रफार चढवून मोकळे. तो वऱ्हाडीतला ऱ आहे, आडवी चंद्रकोर. महाराष्ट्राच्या दुकान कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. अक्षरं मोठी झाली, तशा चुकाही मोठ्या झाल्या.

मिरजेचा पाटीवाला
ताई, आमच्या जुन्या फॉन्टमध्ये ऱ आहे, कळ माहीत असावी लागते. मला आहे. प्रूफ गिऱ्हाईक पास करतं, माझ्या नावाने ओरडू नका.

अक्षरवेडी
तेच तर. जुन्या फॉन्टमधला मजकूर तुमच्या मशीनवर मराठी, दुसऱ्याच्या मशीनवर इंग्रजी कचरा! माझ्या भावाच्या लग्नाचा फ्लेक्स तसाच छापून आला, वधूच्या नावाच्या जागी कंस आणि टक्क्यांची खूण. मुहूर्ताला दोन तास होते, आई रडत होती. युनिकोड वापरा, त्यात प्रत्येक अक्षराचा क्रमांक सगळ्या मशीनवर एकच असतो, हे मी दहा वर्षं सांगतेय. शिवाय तुमच्या फॉन्टमधला ल उजवीकडे दांडा असलेला, हिंदी वळणाचा. शासनाच्या मराठी वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये ते आहेत, फुकट आहेत.

मिरजेचा पाटीवाला
फुकट सल्लेही खूप आहेत. युनिकोडचा मजकूर जुन्या कोरलमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी उलट्या बाजूला जाते, जोडाक्षर सुटतं. ते मी एकेक नोड धरून जुळवत बसू? वीस वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या कोण बदलून देणार, तुम्ही?

पिक्सेलराव
इलस्ट्रेटरमध्ये कंपोझर, म्हणजे मजकूर जुळवायची सेटिंग, बदलला की नीट येतं.

सीएनसी नाशिक
आणि नाही बदलला तर तुमच्याकडेही तसंच मोडतं, हेही सांगा की. इंकस्केपमध्ये मात्र काही न बदलता पहिल्या दिवसापासून नीट येतं. सीएमवायकेला, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांना ते कच्चं आहे, मान्य. पण कटिंगला रंग लागतो कुठे?

म्हापसेकर
आमच्याकडे एकाच पाटीवर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी येते. मी मजकूर इंकस्केपमध्ये लावतो, कर्व्ह करून एसव्हीजी फाइल कोरलमध्ये आणतो, माप आणि नेस्टिंग (कमी जागेत आकार बसवणं) तिथे. अक्षर मोडत नाही. पिक्सेलरावांना हे गावठी वाटेल, वाटू दे.

पिक्सेलराव
गावठी नाही म्हणत. एक पायरी जास्त आहे, एवढंच. "मेलंय" हा शब्द जरा जास्त झाला, तेवढा मागे घेतो. बाकी मत तेच आहे.

नवीन दुकानवाला
तो मुलगा मीच. गाळा इचलकरंजीत घेतलाय, दोन फुटी प्लॉटर आलाय, हातात पैसे थोडेच उरलेत. आत्ता काय घेऊ?

सीएनसी नाशिक
प्लॉटरबरोबर काय आलंय ते आधी बघ. इंकस्केप उतरव, स्वतःच्या दुकानाचं नाव लिही, युनियन कर, काप. शिरोरेषा अखंड सोलली गेली की कोरलच्या किमतीचं बोलू. फ्लेक्स बाहेरूनच छापून घे, खऱ्या मापात ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपके.

मिरजेचा पाटीवाला
इचलकरंजी म्हणजे जवळच. रविवारी ये, वेल्ड दाखवतो. प्रिंटवाला सीडीआर मागेल तेव्हा माझ्या मशीनवर करून देईन, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून, नाहीतर त्याच्याकडे उघडणार नाही.

आणि अक्षरवेडी ताई, तो नोटो उतरवलाय. म्हापसेकरांच्या पद्धतीने "वऱ्हाडी" लावून पाहिलं. ऱ बरोबर आला. शिरोरेषा मात्र बारीक आहे, एलईडीच्या अक्षरात दिव्याचं मोड्यूल बसणार नाही. ठळक वजनात बघतो.

अक्षरवेडी
ब्लॅक, म्हणजे सगळ्यात जाड वजन घ्या. आणि पाकळीचा ल आपोआप येईलच असं नाही, तेवढं बघून घ्या.